फी माफ झाली, पण खोलीचं भाडं कोण भरणार?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

दहावी-बारावीचे निकाल लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच होऊन जातो, पोरीचं पुढचं शिक्षण. यावेळी पत्रं, मेसेज, व्हॉइस नोट सगळं धरून बहुतेकांनी कंपन्यांच्या स्कॉलरशिपबद्दलच विचारलंय, म्हणून हे अख्खं सदर त्यालाच दिलंय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत, फक्त तालुका दिलाय.

प्रश्न (मालवण तालुका): ताईनू, माझा चेडू बारावी सायन्साक ८१ टक्के घेवन पास झाला. फार्मसी करूचा म्हणता. घोव ट्रॉलरवर खलाशी आसा. पावसात धंदो बंद, हातात पैसो नाय. कोण म्हणता मुलींची फी माफ आसा, कोण म्हणता कंपनी पैसे देता. खरा काय ता सांगा.

उत्तर: वहिनी, दोन्ही खरं आहे, फक्त दोन्हींचं काम वेगवेगळं आहे आणि तिथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. आधी फीचं बघू. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं जीआर काढला, की ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसीमधल्या ज्या मुलींच्या घरचं वर्षाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे त्यांची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी १०० टक्के सरकार भरणार, आधी हे ५० टक्के होतं. २०२४-२५ पासून ते लागू झालं. फार्मसी त्यात येतं. कॉलेज सरकारी असो नाहीतर खासगी विनाअनुदानित, चालतं, पण ॲडमिशन कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, झालेलं पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं की ही सवलत गेली. एससी, एसटी, व्हीजेएनटी, एसबीसीवाल्यांच्या योजना वेगळ्या आहेत, त्या आधीपासूनच आहेत. फॉर्म मात्र सगळ्यांचा महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर. तुमच्या जातीच्या दाखल्यावर काय लिहिलंय त्यावर कुठली योजना ते ठरेल, म्हणून तो दाखला आधी हातात घ्या.

आता फीच्या पलीकडचं, आणि माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. माफ होते ती शिक्षण फी आणि परीक्षा फी. डेव्हलपमेंट फी, खोली, मेस, एसटीचं भाडं, ॲप्रन, पुस्तकं, प्रॅक्टिकलचं सामान, आता तर लॅपटॉप पण, हे सगळं तुमच्याच खिशातून. मालवणची मुलगी रत्नागिरीला किंवा कोल्हापूरला शिकायला गेली म्हणजे रोज जाऊन-येऊन होण्यासारखं नाही, खोली घ्यावीच लागते, आणि मुंबईला गेली तर मामाच्या एका खोलीत आधीच पाच माणसं असतात. मी इतकी वर्षं ही पत्रं वाचतेय आणि मला स्पष्ट दिसतं की कोकणातल्या हुशार पोरी आता फीमुळे घरी बसत नाहीत, खोलीच्या भाड्यामुळे बसतात. आणि त्यात वेळ कशी बघा, मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, हापूसचं काम मेअखेर आटपलेलं, बागेतली मजुरी संपलेली, म्हणजे ज्या दोन महिन्यांत ॲडमिशन होतं, डिपॉझिट भरायचं असतं, नेमक्या त्याच दोन महिन्यांत आपल्या घरात एक रुपया येत नसतो. हे मुंबई-पुण्याच्या माणसाला सांगूनही कळत नाही.

कंपनीची स्कॉलरशिप इथे कामाला येते, कारण यातल्या बऱ्याच स्कॉलरशिपमध्ये फीशिवायचा खर्च पण चालतो. तुमच्या मुलीला बसतील अशा सांगते. कोटक कन्या स्कॉलरशिप खास मुलींसाठीच आहे, बारावीला ७५ टक्क्यांच्या वर मार्क, घरचं उत्पन्न ६ लाखांच्या आत, आणि वर्षाला दीड लाख रुपये, कोर्स संपेपर्यंत दरवर्षी. बी. फार्म त्यात बसतं, पण कॉलेजला नॅक किंवा एनआयआरएफचं, म्हणजे कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्यांचं, मानांकन लागतं, त्यामुळे कॅपचे ऑप्शन भरतानाच ते बघून ठेवा, ॲडमिशन झाल्यावर बघून काही उपयोग नाही. दुसरी एचडीएफसी बँकेची परिवर्तन, तिथे उत्पन्न अडीच लाखांच्या आत आणि मार्क किमान ५५ टक्के, व्यावसायिक डिग्रीला ५० हजार मिळतात, आणि घरात गेल्या काही वर्षांत आजारपण, मृत्यू, नोकरी जाणं असं संकट आलेलं असेल तर ते पण बघतात. तिसरी रिलायन्स फाउंडेशनची, ती मुलं-मुली दोघांना, पहिल्या वर्षाच्या ५,००० जणांना, पूर्ण डिग्रीचे मिळून २ लाखांपर्यंत, बारावीला ६० टक्के लागतात आणि एक ऑनलाइन टेस्ट द्यावी लागते. लॉरिआलची सायन्सच्या मुलींसाठीची स्कॉलरशिप २००३ पासून चालू आहे, तिचं नाव सगळीकडे ऐकाल, पण तिथे ८५ टक्के लागतात म्हणून तुमच्या मुलीनं त्यात वेळ घालवू नये. पुण्यात नंबर लागला तर लीला पूनावाला फाउंडेशनची चौकशी करा, ती संस्था मुलींनाच स्कॉलरशिप देते. अटी दरवर्षी थोड्या बदलतात, फॉर्म भरायच्या दिवशी त्यांच्याच साइटवर परत वाचून घ्या.

हे फॉर्म साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये बंद होतात, मध्येच गणपती येतात, सगळं गाव त्यात असतं आणि तारीख निघून जाते, हे दरवर्षी घडतं, म्हणून गणपतीच्या आधी फॉर्म गेलाच पाहिजे. कागद आत्ताच काढा. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो, खलाशाला पगाराची स्लिप नसते त्यामुळे तलाठ्याचा चौकशी अहवाल आणि स्वयंघोषणापत्र लागेल, त्याला दिवस जातात आणि निकालानंतर सेतूत पाय ठेवायला जागा नसते. बँकेचं खातं मुलीच्या स्वतःच्या नावाचं हवं आणि आधारला जोडलेलं हवं, आणि आधार, मार्कशीट, पासबुक तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते बघा, नुसत्या एका अक्षरावरून पैसे परत गेलेल्या मुलींची पत्रं माझ्याकडे आहेत.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे नंतर घाबरायला नको, फॉर्म मंजूर झाला तरी पैसे जूनमध्ये येत नाहीत, दिवाळीनंतर येतात, कधी फेब्रुवारी-मार्च पण होतो. तोपर्यंतचे सहा-सात महिने कसे काढायचे याचा हिशेब वेगळा करा. शासकीय मुलींच्या वसतिगृहाचा फॉर्म भराच, बचत गटात असाल तर गटातून थोडं कर्ज घ्या आणि स्कॉलरशिप आली की फेडा. सावकाराकडे जाऊ नका आणि दागिना विकू नका, अगदीच वेळ आली तर बँकेत गहाण ठेवा, सोडवता तरी येतो.

प्रश्न (राजापूर तालुका): मुलीला एका मोठ्या कंपनीची स्कॉलरशिप मंजूर झालीय, इंजिनिअरिंगला आहे. पण माझे वडील घेऊ देत नाहीत. म्हणतात, कंपनीचं मीठ खाल्लं की उद्या आपल्या सड्यावर प्रकल्प आला तर तोंड उघडता येणार नाही, शिवाय लोक म्हणतील पोरीला भीक मागायला लावली. बॉण्ड वगैरे असतो का हो?

उत्तर: दादा, तुमच्या वडिलांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, राजापुरातल्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे. पण दोन गोष्टी वेगळ्या करून बघू.

पहिली, हे पैसे कंपनी मेहेरबानी म्हणून देत नाही. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ आहे, १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं, त्यात असं आहे की ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजाच्या कामावर खर्च करायचेच, यालाच सीएसआर म्हणतात. त्या कामांची यादी कायद्यातच दिलीय, शिक्षण त्यात आहे, स्त्री-पुरुष समानता पण आहे. म्हणजे तुमच्या मुलीला दिले नाहीत तर ते पैसे दुसऱ्या कुणाला द्यावेच लागणार आहेत. तिनं मार्क मिळवले, फॉर्म भरला, मुलाखत दिली आणि निवडून आली, यात भीक कुठे आली?

दुसरी, बॉण्ड. मुलीच्या हातात जे मंजुरीचं पत्र आणि अटी आहेत ते पूर्ण वाचा, शेवटच्या पानापर्यंत. साधारणपणे मार्क टिकवा, दरवर्षी मार्कशीट आणि फीची पावती पाठवा, खोटी माहिती दिली तर पैसे परत, एवढंच असतं. फोटो वापरायची परवानगी बऱ्याच ठिकाणी मागतात, ती नको असेल तर तसं कळवा. नोकरीचा करार किंवा आमच्याचकडे इतकी वर्षं काम करा असं काही लिहिलेलं असेल तर ती स्कॉलरशिप नाही, ते वेगळं प्रकरण आहे, सही करू नका, आधी कुणा वकिलाला दाखवा.

आता सड्याचं. देशभर फॉर्म मागवून निवड करणाऱ्या कंपनीची स्कॉलरशिप घेतल्यानं तुमच्या जमिनीबद्दल, पाण्याबद्दल बोलायचा तुमचा हक्क कुठेही जात नाही, ग्रामसभेत तुम्ही आधी जसे बोलत होतात तसेच बोला. पण जी कंपनी तुमच्याच गावात जमीन मागतेय आणि तीच नेमकी तुमच्याच वाडीतल्या पोरींना पैसे वाटतेय, तिथे मात्र तुमच्या वडिलांचं म्हणणं मला पटतं. तिथे घराघरातून दबाव येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तसं असेल तर ती सोडा आणि दुसऱ्या कंपनीची घ्या, पर्याय आहेत. तुमच्या पत्रावरून तरी पहिला प्रकार दिसतोय.

वडिलांना अजून एक सांगा. आपल्या दापोलीच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे, महर्षी कर्वे, त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. सुरुवातीला पै-पैसा गोळा करून ते चालवत होते. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी या गिरणीमालकानं १५ लाख रुपये दिले, त्या काळचे १५ लाख, आणि म्हणून विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, तेच एसएनडीटी. कर्व्यांनी गिरणीमालकाचे पैसे घेतले म्हणून कर्वे कुणाचे मिंधे झाले नाहीत, आणि तिथे शिकलेल्या हजारो बायकांना कुणी भिकारी म्हटलं नाही. मुलीचे आजोबा कोकणातले आहेत, कर्व्यांचं नाव त्यांना नवीन नसेल, त्यांच्याजवळ बसून शांतपणे बोला. पण मंजुरीला उत्तर द्यायची शेवटची तारीख कधी आहे ते आज बघा, घरातली चर्चा संपेपर्यंत पोर्टल थांबत नाही.

प्रश्न (मंडणगड तालुका): ताई मी बारावी आर्ट्स ६२ टक्के. सगळ्या स्कॉलरशिप ८५ टक्केवाल्यांना नाहीतर इंजिनिअर-डॉक्टर होणाऱ्यांना. मला बीए करून पुढे समाजकार्याचं एमएसडब्ल्यू करायचंय. आई काजूच्या कारखान्यात जाते, वडील नाहीत. माझ्यासारखीनं काय करायचं?

उत्तर: तुझं पत्र मी परत परत वाचलं, कारण तू जे लिहिलंयस ते अगदी बरोबर आहे आणि ते कंपन्यांच्या कानावर जायला हवं. मार्कांची चाळण लावली की हजारो फॉर्ममधून निवड करणं सोपं पडतं, आणि इंजिनिअर झालेली मुलगी चार वर्षांत पगार कमावते म्हणून तिची गोष्ट अहवालात छान दिसते. पण कोकण बोर्डात वाडीवरच्या शाळेतून, एक एसटी चुकली तर दिवस गेला अशा ठिकाणाहून, क्लास नाही, घरी आल्यावर पाणी आणि चूल, अशा मुलीचे ६२ आणि शहरात दोन-दोन क्लास लावलेल्या मुलीचे ८५ यातलं मोठं काय हे मार्कशीटवर दिसत नाही. माझं ठाम मत आहे की मुलींसाठीच्या स्कॉलरशिपमध्ये मार्कांची अट ५५-६० च्या वर असूच नये आणि निवड घरची परिस्थिती बघून व्हावी.

आता तुला काय मिळू शकतं ते. वर मालवणच्या वहिनींना सांगितलेली एचडीएफसीची परिवर्तन तुला पण आहे, ५५ टक्केच लागतात आणि बीएसारख्या साध्या डिग्रीला ३० हजार मिळतात. तिथे घरातलं संकट लिहायची जागा असते, वडील कधी गेले, कशानं गेले, आईला दिवसाला किती मिळतात, भाऊ-बहिणी किती, ते सरळ साध्या शब्दांत लिही, लाजू नको, वडिलांच्या मृत्यूचा दाखला जोड. रिलायन्सची पण कुठल्याही शाखेच्या डिग्रीला चालते आणि अट ६० टक्क्यांची आहे, तू बसतेस. त्यांच्या टेस्टमध्ये इंग्रजी, गणित आणि तर्काचे प्रश्न असतात, दहावीच्या पातळीचं गणित रोज थोडं करत राहिलीस तर अशक्य नाही. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन महाडीबीटीवर बीएला कुठल्या योजना लागू आहेत ते विचार, क्लार्क घाईत असेल तर प्राचार्यांना भेट. विद्यासारथी म्हणून एक पोर्टल आहे, तिथे वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्कॉलरशिप एकाच ठिकाणी दिसतात, त्यावर एकदा प्रोफाइल करून ठेव आणि महिन्यातून एकदा बघ. एमएसडब्ल्यूचं म्हणशील तर बीएला ५० टक्क्यांच्या खाली येऊ देऊ नकोस, बऱ्याच ठिकाणी प्रवेशालाच ते लागतात, आणि पदव्युत्तर शिक्षणाला परिवर्तनमधून परत अर्ज करता येतो. फॉर्म भरताना कुठे अडलीस तर या सदराकडे परत लिही, मी बाकीची पत्रं बाजूला ठेवून तुझं आधी बघेन.

प्रश्न (श्रीवर्धन तालुका): व्हॉट्सॲपवर एक लिंक आलीय, मुलींना ४० हजार स्कॉलरशिप, फक्त ४९९ रुपये रजिस्ट्रेशन. भरू का?

उत्तर: नको. खरी स्कॉलरशिप फॉर्मचे पैसे मागत नाही, फाइल चार्ज मागत नाही आणि ओटीपी तर कधीच मागत नाही. लिंकवर क्लिक करून आधार आणि खात्याचा नंबर टाकून झाला असेल तर आजच बँकेत जाऊन सांगा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर लगेच तक्रार करा. ती लिंक ज्या ग्रुपवरून आली तिथे पण लिहा, तुमच्यासारख्याच चार आया ती बघत असतील.

प्रश्न (अलिबाग तालुका): मुलगी दहावी झाली, डिप्लोमा करायचा म्हणते. कंपनीच्या स्कॉलरशिप डिग्रीलाच असतात का?

उत्तर: नाही. महिंद्रांच्या के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्टची ऑल इंडिया टॅलेंट स्कॉलरशिप खास सरकारी पॉलिटेक्निकच्या डिप्लोमावाल्यांसाठीच आहे, वर्षाला १० हजार, तीन वर्षं, आणि निवडीत मुलींना प्राधान्य असतं. रक्कम मोठी नाही पण दरवर्षी नक्की येते. तिच्याबरोबर एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती स्कॉलरशिप बघा, ती कंपनीची नाही, सरकारची आहे, पण फक्त मुलींसाठी, डिप्लोमाला पण आहे, उत्पन्न ८ लाखांच्या आत, वर्षाला ५० हजार, आणि एका घरातल्या दोन मुलींना मिळू शकते. दोन्ही पहिल्या वर्षाला ॲडमिशन झाल्याबरोबर भरायच्या असतात, दुसऱ्या वर्षी जाग आली तर बरंचसं हातचं गेलेलं असतं. आणि एकाच वेळी दुसरी स्कॉलरशिप घेता का असं फॉर्मवर विचारलेलं असेल तर खरं तेच लिहा, नंतर उघड झालं तर दोन्ही बंद होतात.

प्रश्न (संगमेश्वर तालुका, शिक्षक): आमची अनुदानित हायस्कूलची शाळा आहे. दहावीनंतर दरवर्षी चार-पाच मुली शिक्षण सोडतात. शाळेनं काय करावं? जवळच्या कंपनीकडे शाळा थेट मागणी करू शकते का?

उत्तर: सर, तुम्ही विचारलंत याचाच आनंद वाटला. तुमच्या हातात सगळ्यात मोठी गोष्ट दहावीत नाही, आठवीत आहे. एनएमएमएस ही केंद्र सरकारची स्कॉलरशिप परीक्षा आठवीत असते, पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मुलीच्या खात्यात येतात, उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, आणि अनुदानित शाळेतली मुलं त्याला पात्र असतात. आठवीतल्या प्रत्येक पात्र मुलीला त्या परीक्षेला बसवा, तयारीला शाळा सुटल्यावरचा एक तास द्या. ज्या मुलीच्या नावावर दरमहा हजार रुपये येतात तिला घरातले दहावीनंतर लगेच थांबवत नाहीत, कारण पुढची दोन वर्षं पण पैसे येणार असतात. त्याशिवाय गावातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो, तो सगळ्या मुलींचा निघालाय का तेवढं बघा. पास आहे पण गाडीच कॉलेजच्या वेळेला नाही ही तक्रार असेल तर शाळा आणि ग्रामपंचायत मिळून आगारप्रमुखांना पत्र द्या, एकट्या पालकाच्या अर्जाला तितकं वजन येत नाही.

मे महिन्यात शाळेतच एक दिवस कागदांचा ठेवा, तलाठ्यांना, सेतूवाल्यांना आणि बँकेच्या माणसाला बोलवा आणि दहावी झालेल्या प्रत्येक मुलीचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, स्वतःचं खातं एकाच दिवशी मार्गी लावा. पालकांची मजुरी बुडत नाही आणि चार खेपा वाचतात.

कंपनीबद्दल. हो, मागता येतं. त्याच कलम १३५ मध्ये असं पण आहे की कंपनीनं आपण जिथे काम करतो तो भाग आणि आजूबाजूचा परिसर याला प्राधान्य द्यावं, त्यामुळे जवळच्या एमआयडीसीतल्या कंपनीकडे मागणं हे वशिल्याचं काम नाही. पण पैसे थेट शाळेच्या खात्यात येतील असं धरू नका. बहुतेक कंपन्या नोंदणीकृत संस्थेमार्फत देतात आणि त्या संस्थेची सीएसआर-१ ही नोंदणी लागते, १२ए आणि ८०जी ही आयकराची नोंदणी लागते, तीन वर्षांचं काम दाखवावं लागतं. तुमची शिक्षणसंस्था ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर सचिवांना विचारा, ही नोंदणी करता येईल. नसेल तर ज्यांची आहे अशा जवळच्या संस्थेला बरोबर घ्या. ज्या कंपनीची वेबसाइट आहे तिला आपली सीएसआर समिती, धोरण आणि मंजूर केलेली कामं साइटवर टाकावी लागतात, ते वाचून मगच पत्र लिहा, म्हणजे कुणाला लिहायचं आणि ते आधीच कशावर खर्च करतायत ते कळतं. पत्रात "मुलींच्या शिक्षणासाठी मदत करावी" असं मोघम लिहू नका, इतक्या मुली, अमुक कॉलेज, खोली आणि मेसचा वर्षाचा खर्च अमुक, असं लिहा. मोठी कामं कशी उभी राहतात ते बघायचं असेल तर नन्ही कलीकडे बघा, आनंद महिंद्रांनी १९९६ मध्ये सुरू केलेला उपक्रम, गरीब घरच्या मुलींना शाळेतच शाळेनंतरचा अभ्यास आणि दप्तर-साहित्य देतात, नुसता चेक देऊन मोकळे होत नाहीत.

प्रश्न (खेड तालुका): मी लोटे एमआयडीसीतल्या एका कंपनीत एचआरला आहे. साहेबांनी सांगितलंय आजूबाजूच्या गावातल्या दहा मुलींना स्कॉलरशिप द्यायची योजना बनव. माझा विचार एकरकमी १० हजार आणि एक छान कार्यक्रम असा आहे. कामगारांच्या मुलींना आधी द्यावं असं युनियन म्हणते. तुमचं मत?

उत्तर: तुम्ही योजना कागदावर यायच्या आधी विचारलंत, म्हणून मनापासून आणि सविस्तर लिहिते.

एकरकमी १० हजारात मुलगी कॉलेजला जात नाही, जी जाणारच होती तिला थोडा हातभार लागतो एवढंच. दहा मुलींऐवजी पाच घ्या पण कोर्स संपेपर्यंत घ्या. सीएसआरच्या कायद्यात त्याची सोय आहे, चालू प्रकल्प म्हणून मंजूर केलं की सुरू केलेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालवता येतो, म्हणजे तीन वर्षांचा डिप्लोमा काय आणि चार वर्षांची डिग्री काय, दोन्ही बसतात, आणि त्या वर्षी न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येते. तुमच्या अकाउंट्सवाल्यांना हे माहीत असेल, त्यांच्याबरोबर बसून ठरवा. पहिल्या वर्षी आलेली आणि दुसऱ्या वर्षी बंद पडलेली स्कॉलरशिप ही न मिळालेल्या स्कॉलरशिपपेक्षा वाईट असते, कारण तोपर्यंत मुलीनं खोली घेतलेली असते आणि घरच्यांनी होकार दिलेला असतो.

पैसे जूनमध्ये द्या. मार्चच्या घाईत खर्च दाखवण्यासाठी दिलेले पैसे मुलीच्या कामाला येत नाहीत, तिला डिपॉझिट जूनमध्ये भरायचं असतं. आणि फी सोडून बाकीचं द्या, फी बरीचशी सरकार भरतं. चिपळूण नाहीतर रत्नागिरीला एखाद्या चांगल्या वसतिगृहात पाच जागा वर्षभरासाठी धरल्यात आणि मेसचं बिल कंपनीनं भरलं तर त्या पाच घरांतला रोजचा वाद संपेल, आई-बापाला सगळ्यात मोठी काळजी पोरगी राहणार कुठे हीच असते. महिन्याला थोडे पैसे मुलीच्या स्वतःच्या खात्यात टाका, कारण सॅनिटरी पॅड, रिचार्ज, गावी यायचं भाडं यासाठी तिला दर वेळी कुणाकडे हात पसरायला लागू नये.

कामगारांच्या मुलींबद्दल, युनियनची भावना मला समजते, पण फक्त आपल्याच कामगारांच्या मुलांसाठी असलेली योजना सीएसआरमध्ये धरली जात नाही, ती कंपनीनं वेगळ्या पैशातून करावी आणि जरूर करावी. सीएसआरची योजना गावासाठी खुली ठेवा, आणि कंत्राटी कामगारांच्या घरी, कातकरी वाड्यांवर आणि धनगरवाड्यांवर माहिती पोचवायला माणूस पाठवा, गेटवर नोटीस लावून ती तिथे पोचत नाही. मार्कांची अट ५५ ठेवा. निवडीत कंपनीबाहेरचे दोन जण घ्या, एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि अंगणवाडीताई, त्यांना घरं माहीत असतात.

आणि कार्यक्रमाचं. स्टेजवर मोठा पुठ्ठ्याचा चेक आणि मुलीचा, तिच्या आईचा फोटो, हे कृपा करून नको. ती मुलगी त्याच गावात वाढलीय, उद्या त्याच एसटीनं जाणार आहे, गरीब म्हणून तिचा फोटो बॅनरवर लागला तर तिला ते किती वर्षं पुरतं याचा विचार करा. कंपनीच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून केलेला खर्च तसाही सीएसआरमध्ये बसत नाही. त्याऐवजी कार्यक्रमाचे पैसे वाचवून त्या पाचजणींना वर्षातून एकदा कारखाना दाखवा, लॅब दाखवा, तुमच्याकडच्या एखाद्या महिला केमिस्टबरोबर दिवसभर बसवा. मुलीच्या डोळ्यासमोर आपल्यासारख्याच बोलीतली, आपल्यासारख्याच घरातली एक बाई पांढऱ्या कोटात उभी असली की तिला पुढचं दिसायला लागतं.

प्रश्न (रत्नागिरी तालुका): डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कंपनीची स्कॉलरशिप चालू आहे. यावेळी एका विषयात केटी लागली. रिन्यूअल बंद होणार का? घरी अजून सांगितलं नाही.

उत्तर: आधी घरी सांग, आजच, एका केटीनं कुणाचं शिक्षण संपत नाही, पण लपवलेली गोष्ट दुसऱ्याकडून कळली तर तुला घरी बोलावून घेतील. मग मंजुरीच्या पत्रात रिन्यूअलची अट नक्की काय आहे ते बघ, काही ठिकाणी ठरावीक टक्के हवे असतात, काही ठिकाणी सगळे विषय सुटलेले हवे असतात. अट काहीही असली तरी त्यांनी विचारायची वाट बघू नकोस, स्वतःच मेल कर. कुठला विषय गेला, का गेला, आजारी होतीस, घरी काही झालं होतं, जे खरं असेल ते दोन-तीन वाक्यांत, आणि तो विषय कुठल्या परीक्षेत देणार आहेस ते. निकाल येईपर्यंत रिन्यूअल थांबवून ठेवावं, रद्द करू नये, अशी स्पष्ट विनंती कर. विभागप्रमुखांचं एक छोटं पत्र जोडता आलं तर चांगलं. मराठीत लिहिलंस तरी चालेल, पण ॲप्लिकेशन नंबर पहिल्याच ओळीत टाक आणि पाठवलेल्या मेलचा स्क्रीनशॉट काढून ठेव.